हिरवी करी खा, वाटण घरचे हवे

गेल्या आठवड्यात रक्तदाबाचा त्रास असलेले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. लोणचे, पापड सोडूनही दाब उतरेना. खोदून विचारले तेव्हा कळले, मुंबईची सून तयार वाटणाचे डबे ठेवून गेली आहे आणि घरात 'थाई हिरवी करी' आठवड्यातून चारदा होते! अशा वाटणात मीठ भरपूर, पुष्कळदा जवळाही असतो. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

मी म्हटले, गुरुजी, करी जरूर खा. मोखाड्यात काय कमी आहे? परसातल्या गवती चहाचा बुंधा, हिरव्या मिरच्या, आले, लसूण, देठांसकट कोथिंबीर, थोडी लिंबाची साल वाटा. थेंबभर तेलात परतून नारळाचे पातळ दूध घाला. दाट दुधात चरबी फार. त्यात शेवग्याच्या शेंगा शिजवा. मीठ शेवटी, चिमटीने. आणि गोळी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही.