तंबू ठोकायच्या आधी ग्रामसभा

मे महिन्याचा शेवट आला की भंडारदऱ्याच्या रस्त्याला गाड्या मावत नाहीत. मुंबई, पुणे, नाशिक, सगळीकडच्या. शनिवारी दुपारपासून शेंडी ते रतनवाडी, तिकडं घाटघरच्या अंगाला, पाण्याच्या काठाकाठानं तंबू उभे राहतात. निळे, केशरी, पिवळे. लांबून बघितलं तर जत्रा भरल्यासारखी वाटते. रात्री शेकोटी, कोंबडी भाजणं, स्पीकर, आणि चांगला अंधार पडला की काजवे बघायला परत गाड्या सुरू. रविवारी दुपारी सगळे निघून जातात. सोमवारी काठावर काय राहतं ते गुरं वळणाऱ्या पोरांना विचारा.

हंगामाला आता थोडेच दिवस राहिलेत. त्याआधी १ मेची ग्रामसभा आहे. म्हणून हे आत्ता लिहितेय.

या तंबूंवरून आपल्या गावांत दोन तट पडलेत. म्हातारी माणसं म्हणतात, हे सगळं बंद करा, दारू येते, पोरं बिघडतात. तरुण पोरं म्हणतात, बंद कशाला? भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, नाशिकला कंपनीत रोजंदारीला जाण्यापेक्षा इथं चार पैसे मिळतात. दोघांचंही मी ऐकलंय आणि दोघांचंही खरं आहे. पण दोन्ही बाजू एक प्रश्न सोडून देतात. ज्या जमिनीवर तंबू ठोकला ती जमीन कुणाची, आणि ठोकू द्यायचा का नाही हे ठरवलं कुणी? गावानं ठरवलं असेल तर मला तंबूचं वावडं नाही. बहुतेक ठिकाणी गावाला विचारलेलंच नाही.

आधी या काठाची गोष्ट आठवा. इंग्रजांनी १९१० साली प्रवरेवर धरण बांधायला घेतलं, १९२६ ला पुरं झालं. ८२ मीटर उंच दगडी भिंत, त्यामागं ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी. गव्हर्नरचं नाव धरणाला दिलं, विल्सन डॅम. तलावाला आर्थर लेक. ज्यांची खाचरं पाण्याखाली गेली त्यांचं नाव कशालाच नाही. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, महाराष्ट्रात तो पहिल्यांदा झाला १९७६ साली, म्हंजे पन्नास वर्षं उशिरा. पाणी चढलं तशी माणसं वर सरकली. वर सरकली तिथं जंगल खात्याची हद्द लागली आणि कित्येक जण अतिक्रमणदार ठरले. पुढं १९८६ ला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, तेव्हा तर पाय ठेवला तरी गुन्हा. पाणी मात्र खाली राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला जातं आणि काठावरच्या बायांच्या डोक्यावर उन्हाळ्यात हंडा असतोच.

अशा काठावर आज तंबूवाला येऊन म्हणतो, ‘जागा पडीकच आहे ना?’ त्याला पडीक दिसते. आपल्याला तिचा हिशोब माहीत आहे.

काठाची जमीन तीन तऱ्हेची आहे, आणि तिन्हीचे कायदे वेगळे. हे नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथंच होते. पाणी उतरलं की उघडी पडते ती धरणाच्या संपादनातली जमीन, गाळपेर. ती पाटबंधारे खात्याची. थोड्या मुदतीनं कसायला देतात, आणि त्यात पहिला मान बुडीत खातेदारांचा आहे, मुंबईच्या तंबूवाल्याचा नाही. आपल्या गावानं गाळपेरीचा अर्ज शेवटचा कधी केला, ते जरा सरपंचांना विचारा.

त्याच्या वर मालकीची जमीन, सातबाऱ्याची. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची, गहाण टाकायची किंवा भाडेपट्ट्यानं द्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ लागतं. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला आधी कलेक्टरची परवानगी पाहिजे. त्याच्या पुढचं काही असेल तर कलेक्टरलाही सरकारची मंजुरी घ्यावी लागते. स्टँप पेपरवर सही आणि दोन साक्षीदार म्हंजे परवानगी नाही, नोटरीचा शिक्का मारला तरी नाही. हे तंबूवाल्यांना चांगलं माहीत आहे. म्हणून ते आता कागदावर ‘भाडेपट्टा’ लिहीतच नाहीत. ‘सहकार्य करार’ लिहितात, किंवा आपल्यातलाच एक जण पुढं करतात. नावाला आदिवासी, पैसा बाहेरचा.

आणि तिसरी वनहक्काची. हिच्याबद्दल मला जास्त सांगायचंय.

काठाच्या एका गावात (गावाचं नाव देत नाही, माणसं आपलीच आहेत) एका दादानं आपल्या वनपट्ट्यातली दोन खाचरं तंबूवाल्याला दिली. दिवाळीपासून मेपर्यंत, एवढंच बोलणं होतं. तंबूवाल्यानं जेसीबी आणून बांध मोडले आणि दोन्ही खाचरं एका पातळीत केली. वरची काळी माती बाजूला सारली, मुरूम टाकला, संडासाला खड्डे काढले, खांब पुरले. जूनमध्ये पाऊस पडला, राब भाजून रोप तयार होतं, आणि आवणीला खाचरच नाही. बांधाशिवाय पाणी थांबत नाही आणि मुरमात भात येत नाही. त्या दादाची बायको आपल्या बैठकीला आली. ती म्हणाली, “पैसं त्यांनी घेतलं, सही त्यांनी केली. पट्ट्यावर माझं बी नाव हाये. मला कोनी इचारलं?”

तिचं बोलणं कायद्याला धरून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवराबायको दोघांच्या नावानं असतो. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, कलम ४(४). आणि हा हक्क मिळालाय तो राहण्यासाठी आणि पोटासाठी स्वतः कसण्यासाठी. तेरा डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो हे दाखवायला आपण काय काय केलं आठवा. म्हाताऱ्यांचे जबाब, दंडाच्या जुन्या पावत्या, बांधाचे आणि झाडांचे पुरावे. नाशिक ते मुंबई पायी चाललो, पायाला फोड आले. त्या बांधावर जेसीबी फिरवून आपण आपलाच पुरावा पुसतोय. उद्या ज्यांना दावे फेटाळायचेत ते म्हणतील, बघा, यांना शेती करायचीच नव्हती, यांना हॉटेल काढायचं होतं. शेजारच्या ज्या माणसाचा दावा अजून लोंबकळतोय त्याचंही त्यात नुकसान. म्हणून माझ्या पट्ट्यात मी काही करीन, हे मला पटत नाही.

गावाच्या नावानं मंजुरी काढू म्हणणारेही भेटतात. त्यांनी कलम ३(२) वाचावं. वनजमिनीवर गावाच्या सोयी करायला ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरपेक्षा कमी जागा देता येते. कायद्यात तेरा सोयी मोजून दिल्यात: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता, समाजमंदिर अशा. तंबूचा कँप त्यात नाही.

आता पैशाचं बघू. समजा माणशी हजार रुपये घेतले आणि एका रात्री तीस माणसं आली. झाले तीस हजार. जमीनवाल्याला त्यातलं काय मिळतं? रात्री लाकडं आणून शेकोटी पेटवणाऱ्या पोराला काय? भाकरी थापणाऱ्या बाईला भाकरीमागं सुटे पैसे. तांदळाच्या भाकरी रात्री अकरापर्यंत थापायच्या आणि सकाळी पोह्याला परत पाच वाजता हजर. जाहिरातीत मात्र तिच्या चुलीचा फोटो असतो, ‘गावरान जेवण’ म्हणून. बुकिंग मोबाईलवर, पैसे मोबाईलवर, आणि तो मोबाईल असतो ठाण्यात नाहीतर पुण्यात. त्यामुळं किती आले आणि किती जमले हे गावात कुणालाच कळत नाही. हिशोब विचारला की उत्तर ठरलेलं, ‘यंदा धंदा नाही.’

काजव्यांचं तर न विचारलेलंच बरं. आपण लहानपणापासून बघतो, पहिल्या वळवानंतर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडं रात्री कशी पेटतात. ती लुकलुक म्हंजे नर-मादीची खूण. नर उडत चमकतो, मादी बसल्या जागी उत्तर देते. त्यात गाडीचे दिवे आणि मोबाईलच्या बॅटऱ्या घुसल्या की खूण कुणाला कळणार? काजव्याची अळी ओल्या मातीत, पाल्याखाली वाढते, गोगलगायी खाते. तिथंच जमीन सपाट करून आपण तंबू ठोकतो. ज्या काजव्यांसाठी माणसं येतात त्यांचंच बी मोडायचं काम चाललंय, आणि त्याला महोत्सव म्हणायचं. शेकोटीला हिरड्याच्या फांद्या तोडलेल्याही मी बघितल्यात. ज्या बाईचा बाळहिरड्यावर वर्षाचा मीठमसाला निघतो तिनं ते बघून काय म्हणावं?

शेकोटीचं अजून एक आहे. एप्रिलात गवत वाळून कोळ झालेलं असतं. ठिणगी उडून वणवा लागला तर पंचनाम्यात नाव कुणाचं येतं? तंबूवाला सकाळीच गेलेला असतो. नाव येतं राब भाजणाऱ्याचं.

आमचीच काही पोरं मला विचारतात, ‘ताई, मग आम्ही कँप टाकायचा नाही का?’ टाका. पण घरच्या माणसाला, भाऊबंदाला आणि गावाला विचारून टाका. खाचर सोडून टाका. तांब्याच्या भावानं जागा घेऊन सोन्याच्या भावानं शेटला देऊ नका. ते केलं तर तुमच्यात आणि शेटमध्ये फरक एवढाच, की तुम्ही रात्री गावात झोपता. आणि जुन्या कार्यकर्त्यांनाही माझं म्हणणं आहे. पर्यटन हा आपला विषय नाही म्हणून आपण बैठकीत हा मुद्दा टाळत आलो. तिकडं मावळात पवना धरणाच्या काठाला बघा. तंबूंच्या ओळीच्या ओळी आहेत, आणि धरणात जमीन गेलेले कित्येक खातेदार बदली जमिनीसाठी अजून भांडतायत. आपल्याकडं तसं होईपर्यंत थांबायचं का?

गावानं ठरवलं तर काय होतं याचा नमुना गडचिरोलीत आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू आमचा, वाहतुकीचा पास आम्हीच देणार, यावर ते अडून बसले आणि २०११ ला पासबुक ग्रामसभेच्या हातात आलं. त्यांचा बांबू आणि आपला काठ सारखा नाही, हे मला कळतं. धरणाचं पाणी आपल्या ताब्यात नाही, पेसात ग्रामसभेला अधिकार आहे तो लहान जलसाठ्यांवर. पण काठावरच्या जंगलाचं राखण करायचा, त्याची धूळधाण थांबवायचा अधिकार वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला दिलाय, आणि अभयारण्य आहे म्हणून तो कमी होत नाही. मासळी आणि पाण्यातल्या बाकी उपजावरचा हक्क कलम ३(१)(ड) मध्ये आहे. सामूहिक दाव्यात तो लिहिला नसेल तर आता लिहा.

तर १ मेला हा विषय घ्या. मोठ्या ग्रामपंचायतीत आपल्या पाड्याचा आवाज दबत असेल तर पेसाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्याचीही स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, त्याचा ठराव वेगळा टाका. वनहक्काचा विषय असेल तिथं निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, नाहीतर कोरम होत नाही. बायांना सकाळी बोलवू नका, पाण्याची वेळ असते. दुपारी ठेवा. भाकरी थापणाऱ्या बायांना पुढं बसवा, हिशोब त्यांच्याकडून ऐका.

ठरावात मोघम काही लिहू नका. कोणत्या गटात, कुणाच्या जमिनीत, कुणाचे तंबू आहेत, किती आहेत, खाचर मोडलंय का, ते नावानिशी लिहा. खाचरात आणि वनपट्ट्यात कँप नको, रात्री दहानंतर स्पीकर नको, काजव्यांच्या झाडांखाली गाडी नको, संडासाचा खड्डा पाण्यापासून किती लांब हे गाव ठरवील, कचरा ज्यानं आणला त्यानं परत न्यायचा, भाकरीचा आणि रात्रपाळीचा दर गाव ठरवील. मोडलेले बांध पावसाआधी तंबूवाल्यानं स्वतःच्या खर्चानं घालून द्यायचे, हे पहिल्या ओळीत टाका. नाक्यावर गाड्यांकडून जी पावती फाडतात तिचा पैसा कुठं खर्च होतो, त्यासाठी माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज करा.

ठरावाच्या तीन नकला काढा. एक तहसीलला, एक वन खात्याला, आणि तिसरीवर दोन्हीकडची पोच घेऊन ती गावात ठेवा. ज्यांनी स्टँप पेपरवर सह्या केल्यात त्यांनी घाबरू नये, आणि लपवूही नये. कागद घेऊन संघटनेच्या बैठकीला या, बायकोला बरोबर आणा.