न वाचता केलेली सही

चंदगडहून बेळगावला निघालेला आमचा शेतकरी नाक्यावर अडवला जातो आणि कानडी कागदावर न वाचताच सही करतो. हे थांबले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने महाराष्ट्रातला परवाना साऱ्या देशात चालतो. पोलिसाने तो ताब्यात घेतल्यास पोच द्यावीच लागते आणि पोचीवरील मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे मराठीतूनही मांडता येते. हेल्मेट नसेल तर दंड मुकाट्याने भरावा. तिथे भाषेचा अभिमान आड आणू नये. शेजाऱ्याची कानडीही जरूर शिकावी. पण मजकूर समजावून मागण्यात उद्धटपणा कसला? न वाचता केलेली सही आणि अंगठा, यांत फरक तो काय?