भाडे कोणी ठरवावे?

आदिलाबादहून रात्री निघालेली बस पहाटे सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकात शिरते, तेव्हा उतारूंपैकी निम्म्यांचा हात खिशातील मोबाइलकडे जातो. कोणी रुग्णाला घेऊन आलेला असतो, कोणी मुलाच्या प्रवेशासाठी, कोणी लग्नाचा बस्ता बांधावयास. पडद्यावर बोट टेकवले की थोड्याच वेळात मोटार पुढ्यात उभी राहते आणि भाडे आधीच लिहून आलेले असते. घासाघीस नाही, मीटरचा वाद नाही. ही सोय मोठी आहे. आम्हीही तिचा लाभ घेतो आणि तिला नावे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत नाही. परंतु पडद्यावरचा तो आकडा ठरवतो कोण, हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षी प्रथम पडला, आणि तोही एका चालकामुळे.

हा चालक आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. कर्ज काढून त्याने मोटार घेतली व हैदराबादेत एका कंपनीच्या ॲपवर ती चालवू लागला. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्याच्या मोबाइलवर काम येणे एकाएकी थांबले. चालकांच्या बोलीत याला ‘आयडी बंद होणे’ म्हणतात. कोणा प्रवाशाने तक्रार केली होती काय, केव्हा, कशाबद्दल, हे त्याला कोणी सांगितले नाही. तो कार्यालयात गेला, तर रखवालदाराने ‘ॲपमध्येच लिहा’ म्हणून दारातूनच परत पाठवले. ॲपमध्ये लिहिले, तर ठरावीक साच्याचे उत्तर आले. गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागला.

दिवाळीस तो घरी आला असता ही हकीकत त्याने आम्हांस सांगितली. त्याचे वडील बेला भागातले कापूस पिकवणारे शेतकरी. ते बाजेवर बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “मले तं दलालाचं तोंड तरी दिसते. तुले कोनाचं दिसते?”

या बोलण्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यातील वाचकांस विशद करून सांगावयास नको. हंगामात कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या बाजार समितीच्या आवारात लागतात तेव्हा काय घडते, ते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसले जाते. ओलावा ८ टक्क्यांच्या वर भरला की भाव उतरतो, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस महामंडळ माल घेतच नाही. शेतकरी चिडतात, प्रसंगी रस्त्यावर बसतात. मग अधिकारी येतात, व्यापारी येतात आणि उभ्या-उभ्या बोलणी होऊन भाव फुटतो. ही व्यवस्था न्यायाची आहे असे कोणीही शेतकरी म्हणणार नाही. तरीपण यंत्राच्या आकड्यापुढे तेथे माणसाला तोंड उघडता येते, आणि एकट्याला नव्हे, दहाजणांनी मिळून. मोटारचालकाला नेमके तेवढेच नाही.

मिळून बोलण्याच्या या हक्काला सामुदायिक वाटाघाटीचा हक्क म्हणतात. महाराष्ट्रात त्याची मुळे जुनी आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभी केली आणि १८९० साली आठवड्याची सुटी पदरात पाडून घेतली. ती सुटी एकेका कामगाराने मालकाच्या दारी जाऊन मागितली असती, तर रविवारी अजूनही गिरणीचा भोंगा वाजलाच असता.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. चालक हा आमचा नोकर नव्हे, तो आमचा भागीदार. मोटार त्याची, इंधन त्याचे. मर्जी असेल तेव्हा तो ॲप उघडतो, मर्जी नसेल तेव्हा मिटतो. मग येथे मालक कोण आणि कामगार कोण?

प्रश्न बिनतोड वाटतो खरा, पण आपल्या भागाने तो पूर्वी ऐकलेला आहे. २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मळकडे आणि शेजारच्या निजामाबादेत घरोघरी बायका विड्या वळतात. पाने-तंबाखू ठेकेदाराने द्यावी, विड्या घरी बसून सवडीने वळाव्या आणि हजारी दराने पैसे घ्यावे, अशी ही रीत. या बायका आमच्या कामगारच नव्हेत, असे कारखानदार म्हणत असत. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. सिकंदराबादच्या एका शिवणकामाच्या दुकानाचा खटलाही असाच. कारागीर कपड्यामागे मजुरी घेत, रोज येण्याचे बंधन त्यांच्यावर नसे, दुसरीकडे काम करण्यासही ते मोकळे होते. तरीही १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दुकानाचे नोकर ठरवले. काम पसंत-नापसंत करण्याचा व नापसंत ते परत शिवावयास लावण्याचा अधिकार दुकानदाराकडे होता, यावर न्यायालयाने मुख्य भर दिला. शिवणयंत्रे दुकानाची होती आणि मोटार चालकाची आहे, हा भेद आम्हांस मान्य आहे. परंतु भाडे कंपनी ठरवते, गिऱ्हाईक कंपनी देते, गुण प्रवासी देतात व त्यावर निकाल कंपनी लावते. तेव्हा ताबा कोणाचा, हे मोटारीच्या कागदावरचे नाव वाचून कळणार नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली उबरच्या चालकांना कामगार ठरवले ते अशाच विचाराने.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिने गिग कामगार व प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द प्रथमच कायद्यात आणले आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असे ठरवले. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये आपापले कायदे केले. तेलंगण सरकारने २०२३ च्या डिसेंबरात ५ लाख रुपयांच्या अपघात विम्याची घोषणा केली व २०२५ च्या एप्रिलमध्ये कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. या गोष्टींचे आम्ही स्वागतच करतो. पण विमा कामास येतो तो हातपाय मोडल्यावर, आणि भाड्याचा दर तर रोज सकाळ-संध्याकाळ पोटाशी येतो. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्वतःची मोटार असलेल्या चालकास भाड्याचे किमान ८० टक्के मिळावे असे म्हटले आहे. वाटा ठरला हे उत्तम. परंतु ज्या भाड्याचा हा वाटा, ते सरकारी मर्यादेच्या आत वर-खाली करणे कंपनीच्याच हाती राहिले. कल्याण मंडळ आणि वाटाघाटीचे मेज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली दिली म्हणून दुसरीची गरज सरत नाही.

मेज नसले म्हणजे काय होते, ते हैदराबादने २०२४ च्या उन्हाळ्यात पाहिले. शेख सलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखालील तेलंगणा गिग अँड प्लॅटफॉर्म वर्कर्स युनियनने मोटारीतील एसी बंद ठेवण्याची मोहीम पुकारली. एसी लावून किलोमीटरला १६ ते १८ रुपये खर्च येतो आणि पदरात १० ते १२ पडतात, असे चालकांचे म्हणणे होते. ऐन एप्रिलात घामाघूम झालेला प्रवासी चालकावर चिडला, चालक प्रवाशाला हिशोब सांगू लागला. ज्याने दर ठरवला तो या भांडणात कोठेच नव्हता! ज्या वादाचा निकाल एका खोलीत दोन पक्षांनी समोरासमोर बसून लावावयाचा, तो प्रत्येक मोटारीच्या आत, चालक आणि प्रवासी या दोन त्रस्त माणसांत, दिवसभर चालू राहिला. आम्हांस ही गोष्ट फार बोचली, कारण त्या मागच्या आसनावर आम्हीच बसतो.

गंमत अशी की, हे चालक ॲपच्या आडून आपसांत संगनमत करून भाडे ठरवतात, अशी एक तक्रार स्पर्धा आयोगापुढे गेली होती. चालकांमध्ये असा काही करारच दिसत नाही, म्हणून आयोगाने ती २०१८ मध्ये फेटाळली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निर्णय कायम ठेवला. म्हणजे चालक मिळून भाडे ठरवीत नाहीत, आणि एकट्याने ठरवण्याचा तर प्रश्नच नाही.

आता सिंगरेणीकडे पाहा. मंचेरियल, मंदमरी, बेल्लमपल्ली ही कोळशाची गावे २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. तेथील खाणकामगार १९९८ पासून गुप्त मतदानाने आपली मान्यताप्राप्त युनियन निवडतात. २७ डिसेंबर २०२३ रोजी झालेल्या मतदानात आयटकने बाजी मारली. निवडून आलेल्या युनियनशी व्यवस्थापनाला बोलावेच लागते. एका घरातला थोरला भाऊ खाणीत असेल तर त्याला हे मत आहे आणि धाकटा हैदराबादेत मोटार चालवीत असेल तर त्याला नाही, हा भेद आम्हांस तरी समजत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा अधिकार आहे. परंतु तो ज्यांना कायद्याने कामगार म्हटले त्यांच्यासाठी. मोटारचालक दाराबाहेरच उभा आहे.

चालक हा नोकर की भागीदार, हा वाद सुटेपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये, चालकांना नोकर न ठरवताही युनियन करण्याचा व मिळून वाटाघाट करण्याचा हक्क दिला. तेलंगणच्या कायद्यात हेच कलम यावे, असे आमचे म्हणणे आहे. मतदान सिंगरेणीप्रमाणे गुप्त असावे. दर, इंधनवाढ व आयडी बंद करण्याचे नियम यांवर कंपनीने निवडून आलेल्यांशी बोलण्याचे बंधन असावे. कर्नाटकाच्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी १४ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. तेवढी तरी येथेही असावी, मात्र प्रवाशाच्या जीवावर बेतणारा प्रकार घडला असल्यास गोष्ट वेगळी.

यात आम्हां प्रवाशांचा तोटा नाही काय? थोडा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बोलणी झाली तर भाडे चार पैशांनी वाढेल. संप झाला तर जुबिली बसस्थानकात रुग्णाला घेऊन ताटकळावे लागेल. म्हणून संपाची पूर्वसूचना बंधनकारक असावी, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणू. दिवसातून दोन तास गाडी काढणारा आणि बारा तास काढणारा यांचे मत सारखे मोजावे काय, यावर चालकांतही एकवाक्यता नसेल. हा प्रश्न त्यांनीच आपल्या सभेत सोडवावा. प्रथम ती सभा कोणीतरी मान्य केली पाहिजे.

आमच्या माजी विद्यार्थ्याची आयडी एकोणिसाव्या दिवशी आपोआप सुरू झाली. त्या महिन्याचा हप्ता वडिलांनी कापसावर उचल घेऊन भरला होता. आयडी बंद का झाली आणि सुरू का झाली, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.