पावसाळी मुलखात निवडुंगाची फळबाग

निवडुंगास पाणी लागत नाही, सबब तो कोठेही येतो, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. या वाक्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. परंतु उत्तरार्ध त्यातून निघत नाही. ज्या झाडास पाणी थोडे लागते त्यास जास्तीचे पाणी सोसतेच असे नाही, बहुधा याच्या उलटच अनुभव येतो. सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील कमी पावसाच्या तालुक्यांत ड्रॅगन फ्रूटच्या बागा उभ्या राहिल्या. गुजरात शासनाने २०२१ मध्ये ‘कमलम’ असे ज्याचे नामकरण केले तेच हे फळ. त्या बागा पाहून आलेल्या कोकणातील व घाटपायथ्याच्या शेतकऱ्यांस तशीच लागवड आपल्याकडे करावी असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या उत्साहास विरोध करण्याचे कारण नाही. मात्र पठारावरची पद्धत जशीच्या तशी उचलून घाटाखाली उतरविणे, हे कर्ज काढून बाग कुजविण्यासारखे आहे.

या गैरसमजास कुंपणावरील निवडुंगाने पुष्कळ हातभार लावला आहे. कोकणच्या गडग्यावर आषाढाचा सारा मारा खाऊन हिरवागार राहणारा त्रिधारी निवडुंग पाहिला म्हणजे, ‘हा वाढतो तर तो का वाढू नये?’ असा प्रश्न पडतो. वस्तुत: या दोहोंचा काही संबंध नाही. मोडल्याबरोबर पांढरा चीक गाळणारा कुंपणाचा निवडुंग हा एरंडाच्या कुळातील आहे. ड्रॅगन फ्रूट व फड्या निवडुंग हे अमेरिका खंडातून आलेल्या खऱ्या निवडुंग कुळातील आहेत. ड्रॅगन फ्रूटची फांदीही त्रिधारी असते, त्यामुळे घोटाळ्यात भरच पडते. मराठीत दोघांस एकच नाव पडले, यास शेतकरी काय करणार!

खऱ्या निवडुंगास नेमके काय मारते, याचा उलगडा थंड देशांच्या उदाहरणावरून चांगला होतो. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात फड्या निवडुंगाच्या काही ठेंगण्या जाती शून्याखाली कित्येक अंश उतरणाऱ्या हिवाळ्यात उघड्यावर जगतात. थंडी जवळ आली की त्यांची फडी पाणी टाकून सुरकुततात, जमिनीसरशी आडवी होतात, आतील रस दाट होतो आणि बर्फाने पेशी फाटत नाहीत. याच जाती इंग्लंडमध्ये आणल्या असता तेथील सौम्य हिवाळ्यात मरतात, कारण तो हिवाळा ओला असतो. फडी सुकत नाहीत, मुळाशी गारठलेला चिखल राहतो आणि बुंध्यापासून कूज चढते. म्हणून तेथील जाणते बागवान झाडास ऊब देत बसत नाहीत. ते मातीत निम्म्याच्या आसपास खडी मिसळतात, वाफा उंच करतात आणि हिवाळ्यात वर काचेचे छप्पर घालून चारी बाजू वाऱ्यास मोकळ्या ठेवतात. कोकणात बर्फ नाही हे खरे, परंतु ओल्या मुळाचा प्रश्न तोच आहे आणि पाऊस कितीतरी अधिक आहे.

याचे कारण झाडाच्या रचनेतच आहे. निवडुंगाची रंध्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री उघडतात. त्यामुळे तो जमिनीतून पाणी फार सावकाश उचलतो. केळ किंवा भात भराभर पाणी पिऊन जमीन हलकी करतात. निवडुंगास ते काम जमत नाही. जमिनीत भरलेले पाणी त्याच्यासाठी दुसऱ्याच कोणीतरी काढून दिले पाहिजे, आणि ते काम उताराचे व चरांचे आहे.

तथापि ड्रॅगन फ्रूट हे वाळवंटातील झाड नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. ते मूळचे दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अरण्यांचे. तेथे ते झाडांच्या खोडांवर व खडकांच्या कपारींत चढते, पाऊस भरपूर झेलते, पण त्याची मुळे पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात असतात व तेथे पाणी क्षणभरही थांबत नाही. पाऊस अंगावर चालतो, पायाशी चालत नाही, असे या झाडाचे आहे. वर्षास सुमारे ६०० ते १३०० मि.मी. पाऊस व मधून कोरडा ऋतू ही त्यास मानवणारी स्थिती समजली जाते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी पाऊस ३००० मि.मी.च्या आसपास पडतो, आणि तोही मुख्यत: चार महिन्यांत. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने उथळ, मुरमाड जमिनीत या पिकाचा अभ्यास केला. तेथे मुरमातून पाणी आपोआप निथळते, पाऊसही बेताचा. तेथील निष्कर्ष भाताच्या मळीस लागू करता येणार नाहीत.

कातळावरही सावध राहणे अवश्य आहे. आंब्यासाठी सुरुंग लावून खड्डे घेण्याची सवय असल्यामुळे तेच खड्डे निवडुंगासाठी घेतले जातात. खालचा जांभा भेगाळलेला नसेल तर असा खड्डा पावसाळाभर पाण्याने भरलेल्या घंगाळासारखा राहतो. येथे खड्डा न घेता उंचवटा घ्यावयास हवा. मेकाँग नदीच्या सखल मुखप्रदेशात व्हिएतनामी शेतकरी हेच फळ घेतात. दोन ओळींमधील माती उपसून ते वरंबे उंच करतात आणि पाणी मधल्या चरांत ठेवतात. कोकणात वीतभर गादीवाफ्याने भागणार नाही. गुडघ्याएवढा उंचवटा, त्यात जाडी वाळू किंवा बारीक खडी, आणि चरास बांधाबाहेर मोकळा मार्ग, एवढे तरी हवेच.

खर्चाचा विचार येथूनच सुरू होतो. ३ मीटर बाय ३ मीटर अंतराने हेक्टरी सुमारे १,१११ सिमेंटचे खांब व प्रत्येक खांबाशी चार याप्रमाणे ४,४४४ रोपे लागतात. हिशेब मांडताना खांब, वरची कडी, रोपे व ठिबक यांनाच सारे पैसे लागतात आणि चरांसाठी उरेल ते, असे बहुधा घडते. पाऊसमुलखात हा क्रम उलटा केला पाहिजे. चर व वरंबे आधी तयार व्हावेत, एक पावसाळा त्यांवरून जाऊ द्यावा, आणि मग खांब उभे करावेत. खांबाची जमिनीतील खोली वरंब्याच्या माथ्यापासून मोजू नये, मूळ घट्ट जमिनीपासून मोजावी. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, हे विसरता येत नाही. भिजलेल्या भुसभुशीत मातीत उभा असलेला, झाडाच्या भाराने डोलणारा खांब त्याहून कमी वाऱ्यातही कलेल.

लागवडीची वेळही बदलावी. पठारावर पावसाच्या आरंभी रोपे लावतात. कोकणात पाऊस ओसरल्यावर, आश्विनात लावणे श्रेयस्कर. तोडलेल्या कांड्या सावलीत पाच-सात दिवस ठेवून जखम सुकवावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळे जोर धरतात.

उत्पन्नाच्या आशेबाबत मात्र स्पष्ट बोलणे इष्ट आहे. या झाडाचे फूल सायंकाळी उमलते व दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. परागण व्हावयाचे ते त्या एका रात्री. आपल्याकडे बहर साधारणत: जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो, म्हणजे त्याचा मोठा भाग कोकणच्या भर पावसात सापडतो. मुसळधार रात्री पतंग उडत नाहीत, पराग भिजून निकामी होतो, कळ्या गळतात. जी फळे धरतात ती ३० ते ३५ दिवसांत पिकताना पावसाने तडकतात. म्हणून आषाढ-श्रावणातील बहर कोकणी शेतकऱ्याने कर्जफेडीच्या हिशेबात मुळीच धरू नये, भाद्रपदानंतरचाच धरावा. तेवढ्यावर हप्ता भागत नसेल तर क्षेत्र कमी करावे. व्हिएतनाममध्ये रात्री दिवे लावून अवेळी फुले आणतात, परंतु तो विजेच्या बिलाचा प्रश्न आहे आणि लहान बागेस तो झेपेल असे दिसत नाही.

रोगांविषयी थोडक्यात. फांदीवर लहान ठिपके पडून पुढे खरबरीत खपल्या धरणारा बुरशीजन्य करपा ओल्या हवेत फार पसरतो. रोगट भाग कोरड्या दिवशीच कापावा, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी व कापलेले तुकडे बागेबाहेर जाळावेत. केवळ औषध फवारून निचऱ्याची उणीव भरून निघत नाही. चाऱ्यासाठीच्या बिनकाटेरी निवडुंगाचे नाव हल्ली निघते. ते माण-सांगोल्याकडे शोभते, कोकणात त्याचा नाद करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळी तालुक्यांत प्रात्यक्षिक भरवावयाचे झाल्यास ते निवडक उत्तम जमिनीत भरवू नये. शेजारच्या शेतकऱ्याजवळ असते तशाच जमिनीत, दहा खांबांचे, दोन पावसाळे पाहिलेले प्रात्यक्षिक दाखवावे, आणि मेलेली झाडेही मोजून दाखवावीत. तोपर्यंत ज्याच्या मनात लागवड आहे त्याने श्रावणात योजलेल्या जागी दोन हात खोल खड्डा खणावा. मोठी सर येऊन उघडीप पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तो पाहावा. तळाशी पाणी उभे असेल तर तेथे भातच घ्यावा. खड्डा कोरडा पडला असेल तर दहा खांबांपुरते चर आखावयास घ्यावेत.