नव्या संचाला जुने कान

शनिवार-रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं, की एखाद्या जुन्या नाटकाच्या नावाखाली ‘नव्या संचात’ असं छापलेलं हमखास दिसतं. गद्य नाटक असेल तर त्यावर कोणी फारसं काही बोलत नाही. नट बदलला, बघू कसा करतो, एवढ्यावर विषय मिटतो. संगीत नाटक असलं की मात्र तिकीट काढायच्या आधीच वादाला तोंड फुटतं. गाणार कोण? कोणाकडे शिकलाय? पट्टी कुठली? आणि शेवटचा, सगळ्यांत जीवघेणा प्रश्न : ‘ती’ जागा येते का त्याला?

मध्यंतरी उपनगरातल्या एका नाट्यगृहात हौशी संस्थेने ‘कट्यार काळजात घुसली’चा प्रयोग लावला होता. मध्यंतरात चहाच्या खिडकीपाशी हे सगळं शास्त्रोक्त रंगलं. एक पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ वडा हातात धरून सांगत होते, ‘गळा आहे हो, नाही कोण म्हणतंय? पण तानेला तो दाणा नाही.’ दुसरे म्हणाले, ‘दाण्याचं राहू द्या, बोलण्यात उर्दूच नाही. हा खाँसाहेब सदाशिव पेठेत वाढलेला वाटतो.’ शेजारी गाणं शिकणारी एक मुलगी उभी होती. तिने विचारलं, ‘काका, तुम्ही वसंतरावांना स्टेजवर पाहिलं होतं?’ काका जरा थांबले. म्हणाले, ‘पाहिलं असं नाही गं. पण ऐकलंय ना, पाठ आहे.’

त्या ‘पाठ आहे’मध्ये या सगळ्या भांडणाचं मूळ आहे.

‘कट्यार’चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा. लेखन-दिग्दर्शन नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, संस्था प्रभाकर पणशीकरांची ‘नाट्यसंपदा’. कविराज स्वतः पणशीकर, पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार, झरीना फैयाज. आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे. लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी करून गाणं टिकवलेला हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी या भूमिकेत उभा राहिला. ३० जुलै १९८३ ला वसंतराव गेले. म्हणजे त्यांचा खाँसाहेब जाणत्या वयात रंगमंचावर पाहिलेला माणूस आज साठीच्या अलीकडे सापडणं कठीण. बाकी आपण सगळे तुलना करतो ती रेकॉर्डशी.

आता रेकॉर्ड म्हणजे काय? एका दिवशी स्टुडिओत, घड्याळाकडे नजर ठेवून, काही मिनिटांत आवरलेलं गाणं. प्रयोगात तेच पद समोरच्या श्रोत्यांचा कल बघून वाढायचं, वन्स मोअर आला की पुन्हा वेगळ्या वाटेने जायचं. वसंतराव तर लहरी गवई. एकच जागा दोनदा तशीच घेतील याची खात्री त्यांच्या तबलजीलाही नसावी. त्यांच्या हजार रूपांतलं एक रूप तबकडीवर उरलं आणि तेवढंच आपल्या कानांत बसलं. बिचाऱ्या नव्या गायक नटाला त्या एका रूपाच्या मापात उभं राहावं लागतं. जरा इकडेतिकडे गेला की ‘चुकला’, आणि हुबेहूब घेतली की ‘नक्कल केली’. दोन्हीकडून मार त्यालाच.

पण मला या भांडखोर रसिकांबद्दल तक्रार नाही. उलट, ते भांडतात म्हणून हा प्रकार जिवंत आहे. कोण कोणापेक्षा बरं गातं यावर ज्या दिवशी चहाच्या खिडकीपाशी कोणी बोलणार नाही, त्या दिवशी संगीत नाटक वस्तुसंग्रहालयात गेलं असं समजावं. माझं म्हणणं एवढंच, की भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललंय. नवा माणूस जुन्यासारखा गातो की नाही हे आपण तपासतो. पात्र उभं राहतं की नाही हे बघायला हवं. आणि पात्र उभं करण्यासाठी त्याला चाल वाकवावी लागली, जागा सोडावी लागली, तर तो त्याचा हक्क आहे.

यावर ‘परंपरेला धक्का’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे जरा नीट बघावं. ‘संगीत मानापमान’ घ्या. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने ते मुंबईत आणलं, तेव्हा भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. जोगळेकर त्याच वर्षी वारले. म्हणजे पहिलं वर्ष संपायच्या आत या नाटकाचा नायक बदलण्याची वेळ आली. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पुढे ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये तर केशवराव आणि बालगंधर्व समोरासमोर उभे राहिले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक आणि त्यांचे कट्टर चाहते एकाच छपराखाली. त्या रात्री कोण वरचढ ठरलं यावर आजोबांच्या पिढीत जेवणाची ताटं गार होत. तीनच महिन्यांनी केशवराव गेले.

आणि मग आले मास्टर दीनानाथ. त्यांनी धैर्यधराची पदं आपल्या आक्रमक गळ्याला साजतील अशा वेगळ्या चालींत गायली. मूळ चालींपासून सरळ फारकत. तेव्हाही कोणीतरी चहाचा कप आपटून ‘हे मानापमान नव्हे’ म्हटलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज काय स्थिती आहे? धैर्यधराचं पद म्हटलं की आपल्या कानांत दीनानाथांचीच चाल वाजते. स्पर्धेत एखादा मुलगा टेंब्यांच्या चालीवर गायला, तर परीक्षकच त्याला विचारतील की बाबा, हे कुठून आणलंस? बदली म्हणून आलेला माणूस मूळ होऊन बसला, तो नक्कल करून नव्हे.

‘सौभद्र’ची गोष्ट याहून जुनी. १८८२ चं नाटक, भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा. भाऊराव १९०१ मध्ये गेले आणि चारच वर्षांनी नारायण राजहंस नावाचा मुलगा, म्हणजे पुढचे बालगंधर्व, त्यांच्याच किर्लोस्कर मंडळीत आला. भाऊरावांचा तो चढा, टिपेचा आवाज ऐकलेले लोक तेव्हा प्रेक्षागृहात बसलेले होते. त्यांच्यासमोर त्या मुलाने गोड, लडिवाळ गळ्याने सुभद्रा केली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

गोव्यात मात्र नवा माणूस जुन्यासारखा गातो का, हा प्रश्न कोणाला पडत असेल असं मला वाटत नाही. तिथे देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतः उभे राहून ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’ करतात. या वाड्यावरचा कृष्ण, त्या वाड्यावरचा अर्जुन. गावागावाचा संच वेगळा आणि वर्षावर्षाला नवा. तुलना होते, चांगली कडक होते, पण ती गेल्या वर्षीच्या शेजारच्या मुलाशी. पन्नास वर्षांपूर्वीच्या तबकडीशी नाही. त्यामुळे नट मोकळा गातो. प्रसाद सावकार आणि अभिषेकी ज्या मातीतून आले ती ही माती, हे विसरू नये.

परत ‘कट्यार’कडे येतो, कारण गंमत अशी की हे नाटकच या वादावर आहे. पंडितजींच्या घराण्याचं गाणं घेऊन आलेला सदाशिव ओळख लपवून खाँसाहेबांकडे शिकायला राहतो. दुसऱ्याच्या गळ्यातलं गाणं आपल्या गळ्यात उतरवता येतं का, आणि उतरलं तर ते आपलं होतं का, हाच त्याचा झगडा. विद्या उचलता येते, कला उचलता येत नाही, हा धागा नाटकभर फिरतो. अभिषेकीबुवांनी तर एकच पद दोन चालींत बांधलं : एक सालगवराळीत, दुसरी धानीत. शब्द तेच, गायकी दोन. एक संथ डौलाची, एक अंगावर येणारी. एकाच पदाला दोन माणसं दोन रूपं देतात हे नाटककार आणि संगीतकार कानीकपाळी ओरडून सांगताहेत. आणि आपण खुर्चीत बसून म्हणतो, ‘रेकॉर्डमध्ये इथे निषाद लावलाय.’

२०१० मध्ये सुबोध भावे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले अभिषेकींचे शिष्य महेश काळे. हा संच जाहीर झाला तेव्हा ‘आजोबांनी मांडीवर बसवून शिकवलंय’ असं छातीठोकपणे सांगणारे मला भेटले आहेत. वसंतराव गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. त्यांनाही आजोबा मिळाले ते तुमच्या-आमच्यासारखे रेकॉर्डमधूनच. बाकी तालीम त्यांनी मुकुल शिवपुत्रांसारख्या गुरूंकडे घेतली. शिवाय तिशीतल्या मुलाने मुरलेल्या, वर्षानुवर्षं हार पचवलेल्या खाँसाहेबांचं वय अंगावर घ्यायचं, ही अडचण गाण्यापेक्षा मोठी होती. त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. सगळी चर्चा तानांची. मला विचाराल तर राहुल देशपांडे आजोबांपासून जिथे दूर जातात तिथेच त्यांचा खाँसाहेब खरा वाटतो. जिथे जवळ येतात तिथे टाळी पडते, पण ती टाळी वसंतरावांना असते.

पुढे २०१५ साली सिनेमा आला. शंकर महादेवन पंडितजी, सचिन पिळगांवकर खाँसाहेब, आणि महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार. त्यातून एक नवीनच पिढी या गाण्यांकडे वळली. आता ती मुलं नाट्यगृहात येतात आणि मध्यंतरात म्हणतात, ‘पिक्चरमध्ये असं नव्हतं.’ पांढऱ्या सदऱ्यातल्या काकांना हे ऐकून झिणझिण्या येतात. पण काकांनी जे रेकॉर्डच्या बाबतीत केलं तेच ही मुलं सिनेमाच्या बाबतीत करताहेत. ज्याने जे पहिलं ऐकलं ते त्याचं मूळ.

त्या हौशी प्रयोगातलीच एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या अंकात नव्या खाँसाहेबाची एक तान मध्येच तुटली. श्वास पुरला नाही. ऑर्गनवाल्याने स्वर लांबवून धरला, तबलजीने मान न हलवता एक छोटा तुकडा टाकून वेळ काढून दिला. गायकाने तेवढ्यात अर्धं आवर्तन सोडलं, खाली मंद्रात उतरला आणि तिथून, रागावलेल्या म्हाताऱ्यासारखा पुटपुटत, समेवर आला. ही जागा कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही. अपघातातून आलेली, पण खाँसाहेबांच्या स्वभावाला इतकी चपखल की पहिली दाद आली ती थेट वडेवाल्या काकांकडून.

आता निर्मात्यांकडे वळतो, कारण या गोंधळात त्यांचाही वाटा आहे. मागच्या पावसाळ्यात एका नामवंत संगीत नाटकाला गेलो होतो. जाहिरातीत नाव एकाचं, पडदा वर गेल्यावर गायला दुसराच. तिकीट खिडकीच्या काचेला पेनाने लिहिलेला कागद चिकटवला होता म्हणे. गर्दीत तो कोणाला दिसणार? मुलगा सुरेख गायला. बाहेर पडताना दहा जणांना त्याचं नाव विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. ब्रॉडवेवर ‘फॅण्टम ऑफ द ऑपेरा’ १९८८ ते २०२३ असं पस्तीस वर्षं चाललं, १३,९८१ प्रयोग झाले आणि मुखवट्यामागचा माणूस कितीतरी वेळा बदलला. पण तिथे बदली नट उभा राहणार असेल, तर दाराशी फलक लागतो, कार्यक्रमपत्रिकेत चिठ्ठी येते किंवा पडद्याआधी घोषणा होते. नटसंघटनेने तसा करारच करून घेतला आहे. आपल्याकडे तिसऱ्या घंटेनंतर प्रकाशयोजनेपासून चहापानाच्या सौजन्यापर्यंत सगळ्यांची नावं पुकारली जातात. त्यात आज रात्री रिप्लेसमेंटला उभ्या राहिलेल्या मुलाचं नाव घालायला किती सेकंद लागतात?

तेव्हा निर्मात्यांनो, ‘नव्या संचात’ एवढं छापून थांबू नका. कोण गाणार आहे ते नाटकाच्या नावाखाली ठसठशीत छापा, आणि ऐनवेळी माणूस बदलला तर त्याचं नाव माइकवरून सांगा. आणि रसिकहो, शुभारंभाच्या प्रयोगाला जाऊन निकाल लावून मोकळे होऊ नका. तेव्हा नटाचं अर्धं लक्ष तुमच्या तोंडाकडे असतं. पंचवीस-तीस प्रयोग होऊ द्या, मग जा. रेकॉर्ड घरी ठेवून जा. त्यानंतर मध्यंतरात काय भांडायचं ते भांडू; चहा माझ्याकडून.