विश्लेषण : प्रौढांनी पोहण्याचे तंत्र कुठे शिकावे? कार्यशाळेत की खासगी प्रशिक्षकाकडे?

पोहता येते, पण पंचवीस मीटरच्या तलावात दुसरी फेरी संपण्याआधीच दम लागतो, अशी तक्रार करणारे चाळिशीतले स्त्री-पुरुष कोणत्याही तलावावर सकाळच्या बॅचला भेटतात. शनिवार-रविवारची ‘तंत्र कार्यशाळा’ करावी की खासगी प्रशिक्षक लावावा, असा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. दोन्हींना हजारो रुपये मोजावे लागतात आणि दोन्ही करूनही पोहण्यात काडीचा फरक पडला नाही, असे सांगणारेही भेटतात. असे का होते?

हा प्रश्न आताच का पडू लागला?

एकेकाळी पोहणे विहिरीत किंवा नदीवर शिकले जाई. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून काका-मामा ढकलून देत. चार दिवसांत हात-पाय मारता आले की शिक्षण संपले. तंत्र वगैरे शब्द त्यात नव्हते, कारण पलीकडच्या काठाला पोहोचणे एवढेच साध्य होते. आता साध्य बदलले आहे. गुडघे दुखतात म्हणून धावणे सोडून पोहण्याकडे वळणारे आहेत, तसेच ट्रायथलॉनचे वेड लागलेलेही आहेत. गोव्यात २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा पहिल्यांदा झाली. तीत समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. पोहण्यासाठी ७० मिनिटांची मुदत धरली, तर दर १०० मीटरला सुमारे ३ मिनिटे ४० सेकंद मिळतात. सराईत जलतरणपटूला हा वेग हास्यास्पद वाटेल, पण विहिरीत शिकलेल्या मॅरेथॉनपटूची झोप तो उडवतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील स्पर्धेची किंवा मुंबईतील संक रॉक ते गेटवे या ५ किलोमीटर अंतराची तयारी करणाऱ्यांचीही अडचण हीच असते. सायकल आणि धावणे जिद्दीने रेटता येते. पाण्यात जिद्द जेवढी जास्त, तेवढा दम लवकर जातो.

दम नेमका का लागतो?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे आणि वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे पोहण्यात ताकद वाढवण्यापेक्षा विरोध कमी करणे स्वस्त पडते. शरीर पाण्यात तराजूसारखे असते. हवेने भरलेली छाती वर राहते, पाय जड असतात. समोर पाहायला मान वर काढली की कंबर आणि पाय खाली जातात आणि माणूस आडवा न राहता तिरका होऊन पाणी ढकलू लागतो. विहिरीत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला मान वर ठेवायची सवय असते. तिथे ती गरजेचीच होती, कारण काठ कुठे आहे आणि वरून कोण उडी मारतोय हे दिसायला हवे.

दुसरे कारण श्वास. बहुतेक प्रौढ पाण्यात तोंड घातले की श्वास रोखून धरतात आणि तोंड बाहेर येताच सोडणे व घेणे ही दोन्ही कामे क्षणात उरकू पाहतात. रोखलेल्या श्वासामुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरल्याची भावना मुख्यतः त्यातून येते. त्यावर ‘स्टॅमिना वाढवा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. पाण्यात सतत बुडबुडे सोडत राहणे हा उपाय आहे आणि तो अंगवळणी पडायला कित्येक आठवडे लागतात. तिसरे कारण पाय. सायकलपटू आणि धावपटूंचे घोटे ताठ असतात, ते गुडघ्यातून पाय मारतात. मांड्यांचे मोठे स्नायू भरपूर प्राणवायू खातात आणि पुढे मात्र फारसे नेत नाहीत.

या तिन्ही चुका करणाऱ्याला त्या आपण करतो आहोत हे कळत नाही. हात खांद्यासमोर सरळ पडतो आहे असे वाटते, प्रत्यक्षात तो डोक्यापुढून पलीकडच्या बाजूला जात असतो. मुद्दाम शिकण्याची गरज येते ती इथे. प्रश्न एवढाच की कोणाकडून आणि किती वेळ.

कार्यशाळेत काय मिळते?

चांगल्या कार्यशाळेची सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे पाण्याखालून घेतलेले चित्रीकरण. स्वतःला पोहताना पाहणे हा बहुतेकांना धक्काच असतो. प्रशिक्षक महिनाभर ‘मान खाली’ म्हणून ओरडत असतो, ते दहा सेकंदांच्या चित्रफितीत पटते. आंतररुंदीने मोठ्या झालेल्या ‘टोटल इमर्शन’ या पद्धतीचा पायाही अशाच थोड्या दिवसांच्या शिबिरांत घातला गेला. अमेरिकी प्रशिक्षक टेरी लाफलिन यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली, मुख्यतः प्रौढांसाठी. तरंगण्याचा समतोल आधी, हाताची ताकद नंतर, हा तिचा गाभा. वेगाच्या दृष्टीने तिच्यावर टीका झाली, तरी पाण्यात धडपडणाऱ्या प्रौढाला शांत करण्यात तिचा वाटा मोठा आहे.

पण कार्यशाळेचे गणित मांडून पाहावे. समजा, दोन दिवसांत मिळून सहा तास पाण्यात, बारा शिकणारे आणि एक प्रशिक्षक. प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे लक्ष येते अर्धा तास. दुसरी अडचण शिकण्याच्या स्वभावाची आहे. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना, रोज दोनदा दोन-दोन तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत तेच कौशल्य आले. गंमत अशी की, समाधानी मात्र हे एक तासवाले कमी होते, कारण आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटे. टंकलेखन आणि पोहणे एक नव्हे, तरी सोमवारी सकाळी कार्यशाळेतून परतलेल्या माणसाचा उत्साह आणि महिनाभरानंतरची त्याची फेरी यांतला फरक यावरून समजतो. कार्यशाळा संपली तेव्हा त्याला चूक समजलेली असते. सवय जुनीच असते.

मग खासगी प्रशिक्षकच बरा का?

पाऊण तासाची दहा सत्रे म्हणजे साडेसात तास, तेही आठवड्यांवर पसरलेले. अर्ध्या तासापुढे हे भरघोस दिसते. पाण्याची भीती असणाऱ्यासाठी तर दुसरा पर्यायच नाही. लहानपणी कोणीतरी ढकलून दिल्याने किंवा बुडता बुडता वाचल्याने आलेली भीती बारा जणांच्या घोळक्यात जात नाही, उलट हसे होईल या धास्तीने वाढते. अशा व्यक्तीला उथळ बाजूला काठ धरून दहा मिनिटे नुसते बुडबुडे सोडू देणारा, घाई न करणारा माणूस लागतो. अनेक महिलांना महिला प्रशिक्षक आणि महिलांची वेगळी वेळ हवी असते. ती सोय नसल्याने पोहणे सोडून दिलेल्या कितीतरी जणी आहेत, आणि याला शिकणारीचा संकोच म्हणून मोडीत काढणे सोपे असले तरी ती तलाव चालवणाऱ्यांची उणीव आहे.

खासगी शिकवणीचा धोका वेगळा आहे. प्रशिक्षक काठावरून प्रत्येक फेरीला सूचना देत राहिला की शिकणारा तेवढ्यापुरता सुधारतो आणि तो नसला की पुन्हा मान वर. प्रत्येक प्रयत्नाला सतत मिळणारे मार्गदर्शन ही कुबडी होते, हा विचार हालचालींच्या शिक्षणावरील संशोधनात १९८० च्या दशकापासून मांडला गेला आहे. चांगला प्रशिक्षक म्हणूनच चार फेऱ्या गप्प राहतो आणि मग विचारतो, ‘काय जाणवलं?’ पैसे देणाऱ्याला हे गप्प राहणे आळशीपणाचे वाटते आणि शब्दांचा धबधबा लावणारा मेहनती. शिवाय लहान मुलांना स्पर्धेसाठी घडवणारा नामवंत प्रशिक्षक पन्नाशीतल्या खांद्याला न्याय देईलच असे नाही. ताठर खांद्याला मुलांचा सराव दिला की दुखणे पाठी लागते.

कोणी काय निवडावे?

ज्याला खोल बाजूला जायची भीती वाटते किंवा सलग पंचवीस मीटर जाता येत नाही, त्याने तंत्र कार्यशाळेत पैसे घालू नयेत. तिथे सगळे सराव ‘तरंगता येते’ हे गृहीत धरून असतात. त्याने खासगी शिकवणी घ्यावी, आणि ती परवडत नसेल तर महापालिकेच्या तलावावरील वर्ग गाठावा. मुंबई महापालिका उन्हाळ्यात २१ दिवसांचे वर्ग घेते. बॅच मोठी असते, पण रोजच्या रोज पाण्यात उतरणे होते आणि वर म्हटल्याप्रमाणे शिकण्यात त्यालाच महत्त्व आहे.

ज्याला शंभर-दोनशे मीटर जाता येते पण दमछाक होते, त्याला कार्यशाळा फळते, मात्र एका अटीवर. पुढचे किमान सहा आठवडे आठवड्यातून तीनदा पोहायला तलाव हाताशी हवा. तलावाचे सदस्यत्व नसताना कार्यशाळा करणे म्हणजे पेटी विकत न घेता पेटीचे वर्ग लावण्यासारखे. त्यानंतर महिन्यातून एकदा खासगी सत्र घेऊन चित्रीकरण तपासून घेतले, तर दोन्हींचा उपयोग होतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. तशाच पातळीच्या दोघा-तिघांनी मिळून एक प्रशिक्षक लावणे हाही उत्तम मार्ग आहे. एक पोहतो तेव्हा दुसरा दम घेतो आणि पाहून शिकतो.

प्रगती मोजायला घड्याळाबरोबर हातही मोजावेत. एका फेरीत किती वेळा हात मारले आणि किती सेकंद लागले, दोन्ही लिहून ठेवावे. वेळ तीच आणि हात कमी, तर तंत्र सुधारले. हात कमी पण वेळ वाढली, तर माणूस नुसता घसरत राहायला शिकला आहे.

तंत्र आले म्हणजे सुरक्षित का?

नाही, आणि याबाबत दोन्ही प्रकारचे वर्ग बहुधा गप्प असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. फ्रीस्टाइलमध्ये कोपर किती वर हवे हे पाण्यात गोंधळ उडाला की कामी येत नाही. पाठीवर पडून तरंगणे, हात-पाय हळू हलवत उभ्याने तरंगत राहणे आणि पेटका आला तर घाबरून न जाणे, हे कामी येते. तलावात हजार मीटर सहज जाणारा माणूस समुद्रात पहिल्या लाटेला, तळ न दिसल्याने, बिचकू शकतो. समुद्री स्पर्धेत उतरणाऱ्याला सुरक्षा नौका आणि जाणकार सोबत असताना समुद्रातच सराव करावा लागतो. पावसाळ्यातील धरणे आणि पाणी साचलेल्या दगडखाणी हा सरावाचा भाग नव्हेच.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

एका प्रशिक्षकामागे किती जण, पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ, चित्रीकरण घरी पाहायला मिळते का आणि पुढच्या महिन्यासाठी लेखी सराव देतात का, हे कार्यशाळेबाबत विचारावे. प्रशिक्षकाबाबत, त्याने प्रौढांना शिकवले आहे का आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे का, हे पाहावे. एकदा काठावर बसून त्याचा तास पाहू द्या म्हणावे, नकार मिळाला तर तेही उत्तरच असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी आणि प्रशिक्षकाला लगेच सांगावे.

सोसायटीच्या तलावात खासगी शिकवणी लावताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तिथे स्वतंत्र जीवरक्षक असतो का? पाण्यात उतरून एकाचा हात धरून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची पाठ बाकीच्यांकडे असते. त्या वेळी खोल बाजूला काय चालले आहे हे पाहायला काठावर दुसरे कोणीतरी हवे.