अन्नापुरतें स्वावलंबन

उत्तर ध्रुवाकडील अलास्का राज्यांत रिचर्ड प्रोएनेके नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९६८ सालीं एका सरोवराकांठीं आपल्या हातांनीं लांकडी झोंपडी उभारली व पुढें सुमारें तीस वर्षें तो तेथें एकटा राहिला. मासे धरणें, रानफळें वेंचणें, लहानशी बाग राखणें हा त्याचा उद्योग. तरीही धान्य, साखर वगैरे जिन्नस त्यास विमानानेंच येत. बर्फाळ मुलुखांत राहणाऱ्यास त्याबद्दल कोणी नांवें ठेवणार नाहीं.

प्रश्न आहे तो आमचा. नागपूर भागांत वर्षास सरासरी १,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जमीन काळी व कसदार. असें असतां सारें रान कापूस व सोयाबीन यांखालीं घालून पीठ, डाळ व तेल दुकानांतून आणणारीं घरें गांवोगांवीं आहेत. भाव कोसळला कीं अशा घरीं चुलीचीच पंचाईत होते.

वर्ध्यानजीक पवनार येथें विनोबांनीं १९५० सालीं कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला. बैलांचीही मदत न घेतां जमीन खणावी, हातांनीं रहाट फिरवून पाणी द्यावें आणि पैशाचा आश्रय सोडावा, असा तो निर्धार होता. प्रापंचिक शेतकऱ्यास तें सर्व झेपणार नाहीं, व आम्ही तसा आग्रहही धरीत नाहीं. मीठ, लोखंड, औषध, मुलांचें शिक्षण यांसाठीं पैसा लागणारच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घरच्या वर्षभराच्या जेवणापुरती ज्वारी, तूर व जवस यांसाठीं रान आधीं राखून ठेवावें आणि उरलेल्या रानांत नगदी पीक घ्यावें.

ज्वारी परवडत नाहीं, असें कित्येक बंधू म्हणतील. परंतु खाण्याच्या ज्वारीचा हिशेब अडत्याच्या भावानें करणें चूक आहे. ती न पेरल्यास दुकानदाराच्या भावानें घ्यावी लागते. शिवाय गुरांस कडबा मिळतो, तो निराळाच. पांखरांची व रानडुकरांची तक्रार मात्र खरी आहे. एकट्यानेंच ज्वारी पेरली तर शिवारांतील सारीं पांखरें त्याच्याच कणसांवर उतरतात. गांवानें मिळून एका वेळीं पेरली तर नुकसान वांटलें जातें व राखणही पाळीपाळीनें करतां येते. म्हणूनच स्वावलंबन हें एकट्याचें काम नव्हे. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक गांवच्या शेतकऱ्यांनीं एकत्र बसून याचा निर्णय करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.